पासरीचा सूर

दुकानदारानं काचेच्या टेबलावर तारांची पाकिटं पत्त्यांसारखी पसरली आणि माझ्या नातीला, मुक्ताला, विचारलं, "कोणती देऊ? ही कडक वाजते, ही खणखणीत. ही एक आहे, पण ती कुणी नेत नाही. मऊ वाजते. आत रेशीम असतं."

मी मागं स्टुलावर पेंगत होतो. ताडकन उठलो.

"काय असतं आत?"

"रेशीम, काका. मधे बारीक पोलाद, त्याच्याभोवती रेशीम, आणि वरून चांदीच्या पाण्याची तार गुंडाळलेली."

"गुंडाळलेली नव्हे," मी म्हणालो. "वळलेली. गुंडाळतात पार्सल."

मुक्तानं कपाळाला हात लावला. आता आजोबा दुकान डोक्यावर घेणार, हे तिला कळलं. मी पाकीट फोडायला लावलं, जाड तार उन्हात धरली, नख लावून पाहिलं. वळणाला वळण चिकटलेलं, मधे केसाची फट नाही. माझ्या बोटांना ती ओळख इतक्या वर्षांनी पटली आणि अंगावर काटा आला. हे कलाबतू होतं! आमचं, गुलमंडीचं कलाबतू, कुठल्या परक्या मुलखात जाऊन पाकिटात बसलेलं!

अर्थात, भाव केल्याशिवाय मी बाहेर पडलो नाही. "कुणी नेत नाही असं तूच म्हणालास ना? मग न खपणाऱ्या मालाचा भाव सांग." तो हसला, मग चिडला, मग दमला. रिक्षात बसल्यावर मुक्ता म्हणाली, "आजोबा, लाज वाटते हो तुमच्याबरोबर यायला." मी पाकीट छातीशी धरून बसलो होतो. मला काहीच वाटत नव्हतं. मला फक्त चिंचेचा वास येत होता.

चिंचेचाच. तार ओढायच्या आधी ती चिंचेच्या पाण्यात उकळून लख्ख करायची, आणि त्या आंबट वाफेनं आमची अख्खी गल्ली भरलेली असायची. निजामाचं राज्य होतं तेव्हा. दुकानांच्या पाट्या उर्दूत, सरकारी पोस्टावर उर्दू, आणि भांडणं मात्र ज्याला जी येईल त्या भाषेत. सकाळी जमिनीखालच्या नहरीचं पाणी हौदात पडल्याचा आवाज यायचा, मागोमाग हिमरूचं वेलबुट्टीचं कापड विणणाऱ्या मागांची खटखट, खटखट. थंडीत दौलताबादकडून सीताफळांच्या पाट्या यायच्या आणि पिकलेल्या फळांचा गोड, जड वास अत्तरवाल्याच्या दुकानापर्यंत जाऊन त्याच्या खसशी भांडायचा. मीही त्याच रस्त्यानं, दौलताबादच्या किल्ल्याखालच्या गावातून, एका सदऱ्यानिशी पायी आलो होतो. आधी ओझी वाहिली, मग तारवाल्याची भट्टी फुंकली, मग एक दिवस माझं स्वतःचं दुकान झालं. कुणी दिलं नाही. मी मिळवलं. हे मी वारंवार सांगतो असं घरचे म्हणतात. सांगणारच.

हिमरूच्या कारखान्यांना मी सूत, रेशीम आणि कलाबतू पुरवायचो. कलाबतू म्हणजे रेशमाच्या धाग्यावर चांदीची नाहीतर मुलाम्याची तार वळून केलेला धागा. दुकानाच्या मागच्या पडवीत आढ्याला कड्या होत्या. रेशीम कडीतून खाली सोडायचं, टोकाला वजनदार चाती बांधायची, आणि ती चाती मांडीवर अशी सर्रकन घासायची की ती हवेत भिंगरीसारखी सुटते. फिरत्या रेशमावर दुसऱ्या हातातली तार आपोआप चढत जाते. ते पाहायला मी उभा राहिलो की माझं देहभान हरपायचं. पांढरा धागा वरून खाली येता येता चांदीचा होत जाई, जणू उजेडच खाली ओघळतोय.

वळणाऱ्या बायांत रझियाखाला सगळ्यात सरस. बेगमपुऱ्याच्या, विधवा, तोंडात पान, कमरेला किल्ल्यांचा हा जुडगा. घरात कुलूप एकच होतं, पण किल्ल्या ढीगभर. मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, "भाऊ, किल्ली वाजली की लोकांना वाटतं, हिच्याकडं कायतरी हाय. तुमी न्हाई का गल्ल्यापाशी बसून खोटंच खाकरत?"

आता त्या सकाळचं सांगतो. आजही सांगताना माझे कान तापतात.

मोतीअण्णा माझ्या समोरच्या फळीवर बसायचे. रेशमाचे जुने व्यापारी, बापजाद्यांची पेढी. मी कालपर्यंत ओझी वाहणारा, आणि कारखानदार माझ्याकडं यायला लागले हे त्यांच्या घशाखाली उतरत नव्हतं. त्या दिवशी हिमरूचे कारखानदार मीरसाहेब माझ्याकडं सुताच्या लडी तोलून घेत होते. पासरीनं तोलत होतो. पासरी म्हणजे पाच शेरांचं लोखंडी वजन, वर उचलायला कडी. अण्णा रस्ता ओलांडून आले, माझी पासरी हातात घेतली, झुलवली, आणि चार माणसं ऐकतील अशा आवाजात म्हणाले, "मीरसाब, ही पासरी पावशेर हलकी हाय. माझा हात सांगतो."

बस. एवढंच. "माझा हात सांगतो."

मीरसाहेब भला माणूस. म्हणाले, "अहो, वाद कशाला? अण्णांच्या काट्यावर ठेवू, लगेच कळेल."

आणि माझं डोकं फिरलं. "त्यांच्या काट्यावर? चोर म्हणणाऱ्याच्याच तराजूत माझी इज्जत घालू? दांडी त्यांच्या हातात, मग तर झालंच! मी नाही ठेवणार. कुणाच्याच काट्यावर नाही ठेवणार!"

"बघा," अण्णा म्हणाले. "खरा माणूस भितो व्हय काट्याला?"

लोकांनी तेवढंच धरलं. मी काट्याला भ्यालो. आठवड्याभरात एकेका कारखान्याची मागणी थांबली. पडवीतल्या चात्या भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. दोन बाया विड्या वळायला निघून गेल्या. रझियाखाला तेवढ्या रोज यायच्या, रिकाम्या कडीखाली बसायच्या आणि माझ्याकडं न बघता म्हणायच्या, "इज्जत काट्यावर ठेवली न्हाई. बरं केलं. आता चुलीवर काय ठेवू, तेवढं सांगा." अण्णांनी चौकात सांगून टाकलं होतं की रमजानच्या आत याच्या चात्यांचं सरपण होणार. पासरी खोटी ठरली म्हणजे दुकान खोटं, आणि दुकान खोटं म्हणजे मी खोटा. दुसरं काय होतं माझ्याजवळ?

अशा दिवसांत फेलिक्समास्तर दुकानात आले.

छावणीच्या बँडमधले गोव्याचे मास्तर. उंच, सावळे, पावडरीचा वास. गणवेशाच्या कॉलरची जर उसवली होती, ती लावायला धागा हवा होता. काखेत एक लाकडी वाद्य, कमरेत बारीक, पोटाला गोल भोक. मी तोवर गिटार पाहिली नव्हती. तिच्या जाड तारा तुटून खुंट्यांवर मिशांसारख्या लोंबत होत्या.

"ही काय मुकी?" मी विचारलं.

"मुकी झाली, पात्रांव." छावणीतल्या गोवेकरांत मालकाला पात्रांव म्हणतात, हे मला नंतर कळलं. तेव्हा ऐकायला मात्र बरं वाटलं. "लढाई चालू हाय. मुंबईला तारांचं पाकीट नाय, शिकंदराबादेला नाय. नाताळाला चर्चच्या हॉलात वाजवायची हाय. सतारीची तार लावली, तर हिचं पोट उचकटायला लागलं. तिला इतका ताण सोसत नाय. हिला मऊ तार लागते, सायबा."

मी त्या लोंबत्या मिशीला सहज हात लावला. तुटलेल्या टोकाशी वरची तार थोडी उलगडली होती आणि आतून पांढरं काहीतरी डोकावत होतं. बोटांत चोळलं. जिभेला लावलं.

"खाला!" मी ओरडलो. "खाला, इकडं या! हे बघा काय आहे!"

खालांनी टोक डोळ्यांशी धरलं, नखानं उलगडलं, आणि पान थुंकून आल्या. एरवी त्या पान अर्धवट चघळून थुंकायच्या नाहीत. "या अल्ला. ये तो कलाबतू हाय! साहेब लोक आमचा कलाबतू बाज्यावर चढवतात?"

मास्तर आळीपाळीनं आमच्याकडं बघत होते. मी त्यांना पडवीत नेलं, कड्या दाखवल्या, चात्या दाखवल्या. मला बोलायला जीभ पुरत नव्हती. "मास्तर, तुमच्या तारा आम्ही वळणार. वाजल्या, तर तुमच्या बँडनं आणि शिकंदराबादच्या तुमच्या भाईबंदांनी तारा फक्त माझ्याकडून घ्यायच्या. नाही वाजल्या, तर तुमच्या कॉलरची जर माझ्याकडून बक्षीस."

"आणि पँटीची पट्टी?"

"पट्टीचं नाव काढायचं नाही."

"मग बाहीची तरी?"

"मास्तर, तुम्ही गोव्याचे की गुलमंडीचे?"

हात मिळाला. माझ्यासारखाच घासून भाव करणारा माणूस भेटला की मला फार बरं वाटतं.

पहिली तार खालांनी दोन दिवस खपून केली, आणि काय तार होती! नववधूच्या पदराला लावावी अशी. मास्तरांनी ती चढवली, पिळली, छेडली.

थप.

ओल्या गादीवर मूठ मारल्यासारखी. दुसऱ्यांदा छेडली. थप. बोट सरकवलं तर तार कचकन उकलली आणि मास्तरांच्या बोटाला चिरा पडल्या. समोरच्या फळीवरून मोतीअण्णांचा आवाज आला, "काय रं, सुतकाची हलगी करून दिली काय?" गल्ली हसली.

चूक अशी होती, जी फक्त आमच्याच लोकांच्या हातून व्हावी. कलाबतूसाठी तार आधी ऐरणीवर ठोकून फितीसारखी चापट करतात. चापट तार चमकते, आणि चमक हाच आमच्या मालाचा प्राण. शिवाय कापडाला सळसळीत पडावं म्हणून धागा जरा सैल वळायचा. आम्ही डोळ्यांसाठी तार केली होती. कानासाठी काय करायचं असतं, ते आमच्या गल्लीत कुणाच्या सात पिढ्यांनी केलं नव्हतं.

"गोल तार चढवू," मी म्हणालो. "न ठोकलेली."

खालांना ते शिवी दिल्यासारखं लागलं. "गोल? न ठोकलेली? कुणी बघितलं तर म्हणतील, रझियाला काम येत न्हाई. तोंड काळं करून फिरू काय मी?"

"वाजली नाही तर दोघंही फिरू, खाला. सोबत होईल."

त्या दिवसांत माझ्या अंगात वारं शिरलं होतं. पातळ तारांसाठी मी पिंजाऱ्यांच्या गल्लीत गेलो. तिथं कापूस हवेत उडत असायचा आणि धनुकलीची तात, आतड्याची ती दोरी, टण्ण, टण्ण बोलत असायची. आयुष्यभर ऐकलेला आवाज, पण त्या दिवशी पहिल्यांदा कान देऊन ऐकला. मास्तर तातीची एकेक लड उन्हात धरत, चिमटीत फिरवत. जिच्यात गाठ लागेल ती बाद, जिच्यात पांढुरका डाग दिसेल ती बाद, जी मधासारखी सारखी पारदर्शक ती बाजूला. पिंजारी वैतागला. "तात निवडताय का सून?" मास्तर म्हणाले, "सून सोपी, बाबा. ती बेसूर निघाली तरी घरात ऱ्हाते." मग कंगवे करणाऱ्याकडून हाडाची पट्टी घासून घेतली. गिटारीच्या पोटावर ज्या घोडीवरून तारा जातात, तिची लाकडी पट्टी झिजून भुसा झाली होती. हाडाची बसवली, आणि नुसतं टिचकी मारून बघितलं तर लाकडाचा आवाज बदललेला! आधी दार ठोकल्यासारखा, आता नारळ वाजवल्यासारखा. मी टिचक्या मारतच सुटलो. मास्तरांनी माझा हात धरून बाजूला केला.

गोल तार चढवलेली दुसरी तार वाजली खरी, पण खरखरत. आतलं रेशीम ताणलं जाई, सूर ढळे. पिळा, पुन्हा ढळे. वळणं सैल पडून घरंगळत.

"रेशीम आधीच ताणून घ्या," मास्तर म्हणाले. "गिटारीवर जितकी ओढ बसते, तितक्या ओढीतच वळा."

"म्हणजे चातीला धोंडा बांधू?" खाला म्हणाल्या. मग त्यांची नजर कोपऱ्यात गेली. तिथं माझी पासरी पडून होती, तिच्यावर धूळ. त्या चातीसारख्याच गर्रकन फिरल्या. "भाऊ, तो अण्णा म्हणतो ना, हलकी हाय? मंग लटकवा तिलाच! हलकी असंल तर रेशमाला सोसंल तरी."

मला राग यायला हवा होता. आला नाही. आम्ही पासरीच्या कडीत रेशीम ओवलं आणि आढ्याच्या कडीवरून सोडलं. धागा आधी कुरकुरला, मग लांबला, मग एकदम सरळ, निश्चल झाला. रात्रभर तसाच ठेवला. मग खालांनी मांडी सोडून उभ्यानं, दोन्ही हातांनी पासरीच गरगरा फिरवायला सुरुवात केली. वर रेशीम फिरतंय, मी गोल तार हातातून सोडतोय, ती चढतेय, घट्ट, अंगाला अंग लावून. तिच्यातून बारीक गुणगुण येत होती. खालांच्या कपाळावर घाम, मास्तर श्वास रोखून उभे.

शेवटचं वळण बसलं. मास्तर पुढं झाले आणि लटकत्या तारेला अंगठा लावला.

ती बोलली. पडवी भरून गेली. मोठ्या भांड्यात सावकाश पाणी ओतावं तसा गोल, ओला, खोल आवाज. तो संपेना. कड्या थरारल्या, भिंतीला टेकलेल्या चात्या अंगातल्या अंगात किणकिणल्या.

"सायबा..." मास्तर एवढंच म्हणाले.

खालांना आनंदानं काय करावं ते सुचेना. त्यांनी कमरेचा जुडगा सोडून पासरीच्या कडीत अडकवला. "ये बी ऐक, माझ्या खजिन्याच्या किल्ल्या!" आणि तार पुन्हा छेडली.

सूर चढला होता.

"उंच झाला," मास्तर म्हणाले. "किल्ल्या काढा." काढल्या. सूर जागेवर आला. "लावा." चढला. त्यांना गंमत वाटत होती. माझ्या डोक्यात मात्र वीज पडली.

"मास्तर! वजन वाढलं की सूर चढतो?"

"व्हय तर."

"कमी झालं की उतरतो?"

"उतरणारच."

"पावशेरानं कमी झालं, तर कळेल?"

"मला काय, समोरच्या अत्तरवाल्याला कळेल."

मी बाहेर धावलो. पायात चप्पल नव्हती. भर दुपार, गुलमंडी गजबजलेली. "मोतीअण्णा! या! तुमची पासरी घेऊन या! काटा सापडलाय मला! असा काटा, ज्याला दांडीच नाही! मग दांडी मारणार कोण?"

गल्ली गोळा झाली. कुणीतरी मीरसाहेबांना बोलावून आणलं. अण्णा हसत हसत, आपली पासरी हातात घेऊन आले. न येऊन चालणार नव्हतं. माझ्या पडवीत ते पहिल्यांदाच शिरले.

"मास्तर, तुम्ही लांब राहा," मी म्हणालो. "खाला, तुम्हीही. अण्णा, तुम्हीच छेडा. तुमचा हात सांगतो ना? आज तारेला विचारू."

अण्णांनी एक बोट पुढं केलं. माझी पासरी लटकत होती. टुण्णन आवाज उठला, पसरला, संथ झाला. सगळे ऐकत राहिले. मग माझी पासरी उतरवली, अण्णांची लावली. तार तीच, कडी तीच, गाठ तीच. मी माझी पासरी कधीच दुसऱ्याच्या काट्यावर ठेवली नव्हती. जिनं मी विकत होतो, ती मीही कुणाकडून तरी विकतच घेतली होती. आणि ती खरोखरच हलकी असली तर?

अण्णांनी छेडलं.

तोच सूर. तोच! खोल, गोल, पाणी ओतल्यासारखा.

कुणी काही बोलायच्या आत अण्णांनी पुन्हा, जोरात छेडलं. तोच. वजनं आणखी दोनदा बदलली. तोच. अत्तरवाला हुंकार देऊन ताल धरायला लागला. मागून कुणीतरी म्हणालं, "अण्णा, आता नाच करा, बाजा तयार हाय." हशा उसळला. मीरसाहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी त्यांच्याकडं बघितलंच नाही. मी अण्णांच्या तोंडाकडं बघत होतो. एक शब्द हवा होता मला. फक्त एक: खरी आहे.

"तारेला काय," अण्णा म्हणाले. "ती काय कुणाची पण होते." आणि गर्दी सारून निघून गेले. त्यांची पासरी माझ्या कडीला लटकत राहिली.

आणखी दोन तारा वळून झाल्या, त्या संध्याकाळी मास्तरांनी मागच्या पडवीत नव्हे, भर रस्त्यावर, माझ्या फळीवर बसून गिटार वाजवली. वरच्या तीन तारा पिंजाऱ्याच्या तातीच्या, खालच्या तीन खालांच्या. हाडाच्या पट्टीवरून आवाज लाकडात उतरत होता आणि लाकडातून आमच्या छातीत. पातळ तारा कोवळ्या, किंचित खरखरीत, पहाटेच्या चिमणीसारख्या. जाड तारा त्यांना खालून हात देणाऱ्या. खाला तोंडावर पदर घेऊन बसल्या होत्या. मला वाटलं, रडतायत. जवळ गेलो तर हसत होत्या. "चमकत न्हाई मेली," त्या म्हणाल्या. "पण बोलती कशी बघ."

नाताळाला मास्तर वाजवून आले. मग शिकंदराबादहून मागणी आली, मागोमाग हिमरूवालेही परतले. कड्या पुन्हा भरल्या. विड्या वळायला गेलेल्या बाया परत आल्या, हाताला तंबाखूचा वास घेऊन, आणि तो वास चिंचेच्या वासात मिसळला. त्या काळात आमच्या पडवीतून दोन तऱ्हेचा माल निघे, एक बघायचा, एक ऐकायचा. ऐकायच्या मालाची प्रत्येक तार खाला लटकत्या पासरीवर छेडून बघत आणि मान डोलावली तरच उतरवत.

अण्णांनी त्या परीक्षेच्या दुसऱ्याच दिवशी दिवाणजीला पाठवलं होतं, पासरी न्यायला. मी सांगितलं, "अण्णांना स्वतः यायला सांगा. येताना तो एक शब्द घेऊन यायला सांगा. पासरी इथंच आहे, पुसून ठेवतो रोज."

ते आले नाहीत. ना त्या वर्षी, ना पुढं. समोरासमोर बसून आम्ही दोघं म्हातारे व्हायला लागलो. माझ्या मुलाच्या लग्नात त्यांच्या घरून आहेर आला, ते नाही आले. नवी पासरी घेतली त्यांनी, पण रस्ता ओलांडला नाही. लोक म्हणतात, सोडून द्या, गेला तो माणूस. सोडून द्या म्हणायला काय जातं? माणूस गेला, पण शब्द घेऊन गेला. माझा होता तो.

आता तिथं काही नाही. नहरीचं पाणी नाही, चिंचेची वाफ नाही, मागांची खटखट नाही. पडवी होती तिथं मोबाईलची दुकानं आहेत. फेलिक्समास्तर गोव्याला गेले की आणखी कुठं, कळलं नाही. जाताना बाहीची जर मात्र फुकट घेऊन गेले. खाला गेल्यावर त्यांचा किल्ल्यांचा जुडगा सुनेनं मला दाखवला होता. एक सोडली तर एकाही किल्लीचं कुलूप घरात सापडलं नव्हतं. आढ्याची एक कडी मी उपटून आणली, ती आमच्या झोपाळ्याला आहे. आणि दोन्ही पासऱ्या गच्चीच्या दाराला टेकण म्हणून. वारा सुटला की मुक्ता म्हणते, "आजोबा, तुमचे पहिलवान लावा."

घरी आल्याबरोबर मी त्या रेशमी पाकिटातली सगळ्यात जाड तार बाहेर काढली.

"आजोबा, ती गिटारला लावायची आहे!"

"लावू. आधी ती ताणून बघू."

झोपाळा उतरवला. आढ्याच्या कडीला तार अडकवली. मुक्ता गच्चीच्या दारातून एक पासरी दोन्ही हातांनी उचलून आणायला लागली, धापा टाकत, आणि मधेच थांबली.

"आजोबा, यातली तुमची कुठली? आणि त्या अण्णांची कुठली?"

मी दोन्हींकडं बघितलं. गंजानं छाप खाल्ला होता, दोन्हींचा. मी पुसून पुसून ठेवली होती ती कुठली? कडी जरा वाकडी होती ती कुठली? इतकी वर्षं जिच्यासाठी भांडलो, ती मला ओळखता येईना.

"थांबा, माझा स्वयंपाकघरातला काटा आणते," ती म्हणाली. "आकडाच दिसतो त्यावर. लगेच कळेल."

"ठेव तो काटा," मी म्हणालो. आवाज चढलाच माझा. "तार छेड."

तिनं एक पासरी लावली आणि छेडली. ती उतरवून दुसरी लावली आणि छेडली. मग माझ्याकडं न बघता पुन्हा पहिली, पुन्हा दुसरी. खोलीत तो गोल, खोल, ओला आवाज भरत गेला, एकावर एक, आणि कुठला कुणाचा ते वेगळं काढता येईना.

"एकच आहे, आजोबा," मुक्ता म्हणाली. "दोन्ही खऱ्या आहेत."

शब्द आला होता. कुणाच्या का तोंडून येईना.

"लाव आता गिटारला," मी म्हणालो. "आणि घट्ट पीळ. रेशीम आहे, आधी थोडं ढळेल."